जेवताना बोलला म्हणून भिंतीकडं तोंड?

आज एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, मीटिंगला लेकीच्या शाळेत गेले होते. जेवणाची सुट्टी चालू होती. वऱ्हांड्यात दुसरीतला एक पोरगा हातात ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून उभा. भाताला हात लावलेला नाही. काय केलंस रे, विचारलं, तर मान खाली. शेजारच्या पोरीनं हळूच सांगितलं, "बोलला त्यो." आत ऐंशी पोरं. डाव्या हाताचं बोट ओठावर, उजव्या हातानं घास. आणि दारात शिट्टी घेऊन एक मोठं माणूस.

माझ्या अंगाची आग झाली. अजून उतरलेली नाही.

२००३ साली आमच्या गावच्या शाळेत बिसियूट, म्हणजे सरकारचं दुपारचं गरम जेवण, सुरू झालं, तेव्हा मी तिसरीत होते. आम्हालाही हाच नियम होता. माझ्या शेजारच्या मैत्रिणीला सांबारातल्या मिरचीचा ठसका लागला. तोंड लालभडक, डोळ्यांतून धारा. पाण्याचा हंडा माझ्या मागं, चार पावलांवर. मी उठले नाही. हाकसुद्धा मारली नाही. बोट ओठावर होतं. वाढणाऱ्या अक्कांनी भाताची बादली तिथंच टाकली आणि धावत आल्या, म्हणून निभावलं.

आपल्या घरात पंगतीला लेकरू मुकं बसलं तर आजी आधी कपाळाला हात लावून ताप बघते. मग शाळेत मुकं बसलेलं शहाणं कसं?

बाईंचा घसा बसलाय, हे मान्य. ऐंशी पोरांमागं दोघीच, आणि दुपारी परत शिकवायचं असतं. तेवढं मान्य.

पण गोंगाट येतो कुठून ते तरी बघा. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. आवाज पिऊन घेईल अशी एक चिंधी त्या खोलीत नाही. स्टीलची ताटं फरशीवर घासतात. जुलैत आमच्या बेळगावकडच्या खानापूरचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारच्याचं ऐकू येत नाही. मग एक जोरात बोलतो, दुसरा त्याच्यावर, तिसरा दोघांवर. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एतिएन लोम्बार्द नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १९११ सालीच दाखवून दिलंय. पोरं माजलेली नाहीत, त्यांना एकमेकांचं ऐकायचं असतं! आणि त्या पत्र्याखाली शिट्टी फुंकायची म्हणजे गोंगाटात अजून भर.

घरी येऊन लेकीला विचारलं, तुला पाणी हवं असलं तर काय करतेस? म्हणाली, "घरी येऊन पिते." सहा वर्षांची आहे. मला तो हंडा दिसला परत. चार पावलं.

दोन पंगती करा. पहिली ते तिसरी आधी, मोठी मागाहून. चाळीस पोरांचा आवाज ऐंशींएवढा नसतो. सातवीची पोरं वाढायला घ्या, त्यांना आवडतं. बाईंनी एका पंगतीत पोरांबरोबर जेवायला बसावं, बाई हळू बोलल्या की पोरंही हळू बोलतात, हे मी अंगणवाडीत रोज बघितलंय. आणि बसायला खाली जाड काहीतरी घाला, भिंतींवरही टांगा.

मीटिंगमध्ये हे बोलले. "पैसा कुठला?" असं आलं. बारदानाला कसला पैसा? तांदूळ येतो तो पोत्यातच येतो ना!

रागात जरा जास्तच बोलले असेन. बाईंशी उद्या नीट बोलेन, त्या वाईट नाहीत, थकल्यात. पण तो पोरगा उद्या भिंतीकडं उभा दिसला तर मी त्याच्या शेजारी ताट घेऊन उभी राहणार, आणि त्याच्याशी बोलणार.

गावातल्यांनो, घरात रिकामी बारदानं असतील तर धुऊन ठेवा. पाऊस आहे, वाळायला दोन-तीन दिवस जातील. शनिवारी शाळा सुटली की टांगायला जाऊ. सुतळी आणि दाभण माझ्याकडं आहे, शिडी कुणीतरी आणा.