‘नेटवरचा फोटो सगळ्यांचाच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ऑनलाइन विक्री कशी सुरू करावी हे शिकवणारा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. बाकीचा भाग ठीकठाक आहे. फोटोंबद्दलचा सल्ला मात्र असा: ‘इंटरनेटवरचा फोटो सार्वजनिक असतो. वॉटरमार्क नसेल तर बिनधास्त उचला. भीती वाटत असेल तर तीस टक्के बदल करा, नाहीतर खाली मूळ मालकाचं नाव टाका. फोटो पुरवठादाराने पाठवले असतील तर प्रश्नच मिटला. तुम्ही वस्तू विकताय, फोटो नाही. उलट त्या फोटोवाल्याची फुकटात जाहिरात होतेय. आणि कुणी तक्रार केलीच, तर फोटो काढून टाकायचा, विषय संपला.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक आहे. पण सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून काहींची बोळवण दोन ओळींत करतो.

‘सार्वजनिक असतो’ यापासून सुरुवात करू. सगळ्यांना दिसणं वेगळं आणि सगळ्यांना वापरता येणं वेगळं. युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे २०१८ मध्ये निकाली निघालेलं एक प्रकरण इथे चपखल बसतं. जर्मनीतल्या एका शाळेतल्या विद्यार्थ्याने प्रवासविषयक वेबसाइटवरून कोर्दोबा शहराचा फोटो घेतला आणि आपल्या प्रकल्पात लावला. शाळेने तो प्रकल्प स्वतःच्या वेबसाइटवर टाकला. मूळ वेबसाइटवर फोटो सगळ्यांसाठी खुला होता, उतरवून घेण्यावर बंदी नव्हती, आणि शाळेला त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता. तरी न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या वेबसाइटवर तो नव्याने चढवायचा तर फोटोग्राफरची परवानगी हवी. शाळेची ही गत, तर दुकान मांडून बसलेल्याने ‘सार्वजनिक होता’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

‘तो स्वतःच सोशल मीडियावर टाकतो, मग?’ असं विचारणाऱ्यांसाठी दुसरं प्रकरण. हैतीतल्या २०१० च्या भूकंपाचे फोटो डॅनियल मोरेल या फोटोग्राफरने ट्विटरवरून लोकांपुढे आणले. ते परवानगीशिवाय वापरून वितरित केल्याबद्दल एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही फोटो पुरवणारी कंपनी या बड्या संस्थांविरुद्ध २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ज्यूरीने सुमारे १२ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. सोशल मीडियावर फोटो टाकताना आपण त्या कंपनीला काही परवानग्या देतो हे खरं. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला देत नाही.

वॉटरमार्कची, म्हणजे फोटोवर उमटवलेल्या मालकाच्या नावाची वा खुणेची, समजूत अगदीच हवेतून आलेली नाही, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत एके काळी प्रकाशित कामावर कॉपीराइटची, म्हणजे कर्त्याच्या हक्काची, खूण छापली नाही तर हक्क गमावण्याची वेळ येई. १ मार्च १९८९ पासून, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात अमेरिका सामील झाली तेव्हापासून, ती सक्ती गेली. करारातल्या इतर देशांत ती त्याच्याही कितीतरी आधी गेली होती: बर्न कराराच्या १९०८ च्या दुरुस्तीतच ठरलं की हक्क मिळण्यासाठी नोंदणी, खूण, शिक्का असलं काही लागणार नाही. आज १८० हून अधिक देश या करारात आहेत. शटर दाबलं की हक्क तयार. (अमेरिकेत तिथल्या कामाबद्दल दावा लावायचा तर आधी नोंदणी लागते, पण ती कोर्टाची पायरी चढण्यासाठी, हक्क जन्माला येण्यासाठी नव्हे.) आणि असलेला वॉटरमार्क कापून किंवा पुसून फोटो वापरणं तर आणखी अंगाशी येणारं. मालकीची माहिती जाणूनबुजून काढून टाकण्याविरुद्ध १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) करारात स्वतंत्र कलम आहे.

तीस टक्क्यांचं गणित कुणी शोधून काढलं कोण जाणे. कुठे वीस ऐकू येतं, कुठे चाळीस. कायदा फूटपट्टी लावत नाही; मूळ कामातला ओळखू येणारा, महत्त्वाचा भाग उचललाय का, हे पाहतो. आर्ट रॉजर्स यांनी एका जोडप्याचा कुत्र्याच्या पिल्लांसह फोटो काढला होता. जेफ कून्स या नामांकित कलाकाराने त्यावरून रंगीत शिल्प करून घेतलं. माध्यम बदललं, रंग बदलले, आकार बदलला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयात कून्स हरले. फोटो आडवा उलटवून त्याला पिवळट फिल्टर मारणाऱ्याने यातून काय ते समजावं.

खाली नाव टाकणं ही सभ्यता आहे, परवानगी नाही. क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या परवान्यात नाव देणं ही अट असते खरी, पण तिथे मालकाने आधी परवाना दिलेला असतो, आणि त्यातल्या काही परवान्यांत व्यापारी वापराला साफ मनाई असते.

आता पुरवठादाराचा मुद्दा, कारण इथे प्रामाणिक माणसंही फसतात. बरेच विक्रेते माल स्वतः पाहतच नाहीत. ऑर्डर आली की पुरवठादार परस्पर पाठवतो, आणि फोटोंची फाइलही त्याच्याकडूनच येते. त्याने ते फोटो स्वतः काढले असतील आणि वापरायला लेखी दिले असतील, तर काहीच अडचण नाही. पण जे स्वतःचं नाही त्याची परवानगी तो देणार कशी? त्याने ते कुठल्या तरी कारागिराच्या पानावरून उचलले असतील, तर ‘मला त्याने दिले’ या उत्तराने नुकसानभरपाईची रक्कम कदाचित कमी होईल. हक्कभंग झालाच नाही असं होत नाही. तपासायला अवघड नाही. फोटो उलट शोधात टाका, म्हणजे फोटो दिला की तो नेटवर आणखी कुठे आहे ते दाखवणाऱ्या सोयीत. टिनआय २००८ पासून आहे, गूगलची सोय २०११ पासून. एकच फोटो वीस दुकानांत वीस नावांनी दिसला की सावध व्हा. शिवाय पुरवठादाराकडे मूळ आकाराची फाइल आणि त्याच वस्तूचे दुसऱ्या कोनातून काढलेले दोन फोटो मागा. ज्याने फोटो काढलेत त्याच्याकडे ते पडलेले असतात. ज्याने उचललेत तो विषय बदलतो.

‘वस्तू विकतो, फोटो नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पडद्यावर खरेदी करणाऱ्याला वस्तू हातात घेता येत नाही. त्याच्यासाठी फोटो म्हणजेच वस्तू, आणि तो लावणारा विक्रेता सांगत असतो की माझ्याकडे हेच आहे, तुला हेच मिळेल. फोटो दुसऱ्याच्या वस्तूचा असेल तर ते सांगणंच खोटं ठरतं. म्हणजे फोटो काढणाऱ्याबरोबर पैसे मोजणाराही फसतो. हाताने कोरलेल्या कामाच्या फोटोवर साच्यातला माल पाठवला, की चिडलेलं गिऱ्हाईक कधी कधी मूळ कारागिराला शोधून त्यालाच बोल लावतं. ही ती ‘फुकटची जाहिरात’.

आणि फोटो सहज निघतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा चांदीच्या कानातल्याचा काढून पाहावा. चकचकीत धातूत समोरचं सगळं उमटतं: कॅमेरा, हात, खिडकी. म्हणून चहूबाजूंनी पांढरा कागद उभा करायचा, लेन्सपुरतं भोक ठेवायचं. मग सगळंच पांढरंफटक दिसतं आणि कडा हरवतात, म्हणून एका बाजूला काळ्या पुठ्ठ्याची बारीक पट्टी, जिची रेघ धातूवर उमटून आकार उठून येतो. इतक्या जवळून एका फोटोत सगळं स्पष्ट येत नाही, तेव्हा फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि नंतर जोडायचे. गंमत म्हणजे हीच काळी रेघ चोरी पकडून देते. पार्श्वभूमी बदलली, फोटो उलटवला, तरी धातूवरची रेघ त्याच जाडीची आणि त्याच वळणाची राहते.

फोटोत माणूस असेल तर प्रकरण दुहेरी होतं, कारण चेहरा काही फोटोग्राफरचाही नसतो. ॲबिगेल रॉबर्सन या अमेरिकन मुलीचा चेहरा एका पिठाच्या कंपनीच्या सुमारे २५,००० जाहिरातींवर तिला न विचारता छापला गेला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात ती चार विरुद्ध तीन मतांनी हरली. लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, धंद्यासाठी कुणाचं नाव वा चेहरा लेखी संमतीशिवाय वापरण्यावर तिथे कायद्याने बंदी आली. ‘तुझा चेहरा सुंदर म्हणून तर वापरला, तुला अभिमान वाटायला हवा’ अशा धर्तीचा सूर त्या निकालातही होता. आजच्या ‘फुकट जाहिराती’चा तोच.

राहिला शेवटचा मुद्दा: तक्रार आली की काढून टाकू. फोटो हटवल्याने आधीचा वापर पुसला जात नाही, त्याची भरपाई मागता येते. आणि गोष्ट विक्रेत्याच्या हातातही राहत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार व्यवस्थित नोटीस आल्यावर प्लॅटफॉर्मला मजकूर तातडीने हटवावा लागतो, नाहीतर त्याचं स्वतःचं कायदेशीर संरक्षण जातं; वारंवार हक्कभंग करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरणही ठेवावं लागतं. नोटीस खोटी असेल तर विक्रेत्याला उलट नोटीस देता येते, आणि मालकाने दावा लावला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत फोटो परत चढतो. सोय रास्त आहे, कारण खोट्या तक्रारी करून स्पर्धकाची दुकानं बंद पाडणारेही असतात. फक्त त्या उलट नोटिशीत खरं नाव, पत्ता, फोन नंबर आणि सही द्यावी लागते, आणि खोटं ठरल्यास शपथभंगाची शिक्षा मान्य करावी लागते.