मिरवणूक राहिली, धक्का गेला

दरवर्षी १२ जूनच्या रात्री लिस्बनच्या हमरस्त्यावरून वस्त्यावस्त्यांच्या मिरवणुका निघतात. १९३२ पासूनची ही प्रथा आहे. त्यांत माद्रागोआ या जुन्या मच्छीमार वस्तीच्या मुली डोक्यावर टोपली घेतलेल्या ‘वारिनां’च्या, म्हणजे इथल्या कोळिणींच्या वेषात नाचतात. खऱ्या वारिना पहाटे तेजो नदीच्या काठी मासळी विकत घेत आणि बहुधा अनवाणीच, चढणीच्या गल्ल्यांतून हाळी देत ती दारोदार विकत. आज त्या भेटवस्तूंच्या दुकानांतल्या टाइल्सवर सर्रास दिसतात, गल्लीत मात्र नाहीत.

मुंबईच्या कोळीवाड्यांवरचा वाद मी इथे बसून वाचतो, तेव्हा मला एका गोष्टीची काळजी वाटते. एक बाजू शहराला रस्ते आणि घरे हवीत म्हणते, दुसरी संस्कृती जपा म्हणते. पण संस्कृती म्हणजे रंगवलेल्या भिंती, खाद्यमहोत्सव आणि नारळी पौर्णिमेची मिरवणूक, असे दोघांनीही जणू गृहीत धरलेले असते. तेवढे सगळे लिस्बनने उत्तम जपले आहे.

वारिना काही एका निर्णयाने गेल्या नाहीत. फ्रिज आले, सुपरमार्केट आले, पुढच्या पिढीने दुसरी कामे धरली. पण काही निर्णय शहराने जाणूनबुजून घेतले. पेद्रोसुश येथील मासळीचा धक्का २००३ मध्ये बंद झाला, तो अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची शर्यत लिस्बनला मिळावी म्हणून. शर्यत गेली स्पेनमधल्या वालेन्सियाला आणि लिलावाची जागा मात्र कायमची गेली. २०१२ च्या भाडेकायद्याने जुन्या भाडेकरूंना घराबाहेर काढणे सोपे झाले आणि नदीकाठच्या वस्त्यांतली कितीतरी घरे पर्यटकांच्या मुक्कामासाठी गेली.

मुंबईत अजून धंदा जिवंत आहे, म्हणून तिथला वाद मला अधिक मोलाचा वाटतो. वरळीच्या मच्छीमारांनी सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटरवरून १२० मीटरवर नेणे प्रशासनाला भाग पाडले. वरवर रुक्ष दिसणारी ही मागणी परंपरेच्या मुळाशी जाणारी होती, कारण होडी सुखरूप बाहेर पडली नाही तर डोल, म्हणजे बोंबील धरायचे पिशवीसारखे जाळे, कोण लावणार? बोंबील वाळवायचे तर त्यांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या बांबूच्या मांडवावर टांगाव्या लागतात, आणि त्याला ऊन-वाऱ्याची मोकळी जागा लागते. ती जागा नकाशावर रिकामी दिसते आणि म्हणून तिच्यावर सर्वांचा डोळा असतो.

कोळीवाड्यांचे सीमांकन वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. ते पुरे करताना घरांइतक्याच काटेकोरपणे होड्या लावायचा किनारा, जाळी विणायची आणि मासळी सुकवायची आवारे, बाजारातल्या कोळिणींच्या बसायच्या जागा आणि समुद्रात जायची वाट यांची नोंद व्हावी. माहीमच्या सी-फूड प्लाझासारखे उपक्रम मला मनापासून आवडतात, कारण त्यांतून कोळी बायकांच्या हाती पैसा येतो. मात्र या नोंदीची जागा ते घेऊ शकत नाहीत.