कुड्या कुठे गेल्या?

कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेची पहिली काही पानं फोटो कसा काढावा यावर नसतात, कॅमेऱ्यापायी माणूस कसा दगावू शकतो यावर असतात. पट्टा लहान मुलाच्या गळ्यात अडकवू नये. व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नये. ज्वालाग्राही वायू असेल तिथे वापरू नये. मी हे मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा सासूबाई उठल्या आणि त्यांनी कॅमेरा स्वयंपाकघराच्या जवळून उचलून आतल्या खोलीत कपाटावर ठेवला.

कॅमेरा मुळात नवऱ्याचा. भिगवणचे फ्लेमिंगो टिपायचे म्हणून त्याने तो हौसेने घेतला. तिथे पक्षी उजनीच्या पाण्यात पार पलीकडे आणि लेन्स अठरा-पंचावन्नची, म्हणजे दूरचं जवळ न आणणारी. फोटोत पाणी उत्तम आलं. त्यानंतर कॅमेरा घरात नुसता राहायला होता. मी शाळेतून निवृत्त झाले, हाताशी वेळ आला आणि पुस्तकातून शिकता येत नाही असं जगात काहीच नसतं, ही आयुष्यभर मुलांना मारलेली थाप स्वतःवर लागू करायची वेळ आली.

अप्पा बळवंत चौकातून तीन पुस्तकं आणली. एक जाडजूड, मुखपृष्ठावर धबधबा, पाणी अगदी रेशमासारखं. दुसरं पातळ, आठवड्याभरात तरबेज करण्याची हमी देणारं. तिसरं जुनं, आधीच्या मालकाने पेन्सिलीने ओळी अधोरेखित केलेलं. त्या खुणा बाराव्या पानापर्यंत आहेत. पुढचं सगळं पुस्तक नव्यासारखं.

बाराव्या पानावर एफ नंबर, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचं माप, सुरू होतो.

आकडा मोठा तर छिद्र लहान आणि आकडा लहान तर छिद्र मोठं, हे तिन्ही पुस्तकं 'सुरुवातीला गोंधळ होईल, पण सवयीने जमेल' अशा सुरात सांगतात. मी गणिताची बाई. मला सवयीने जमेल म्हटलं की संशय येतो. जाड पुस्तकाच्या परिशिष्टात, बारीक टायपात, खरी गोष्ट सापडली: लेन्सची नाभीय लांबी भागिले छिद्राचा व्यास म्हणजे हा आकडा. संपला विषय! पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ म्हणजे छिद्र पंचवीस मिलिमीटर, एफ/१६ म्हणजे जेमतेम तीन. छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो हे आमच्या पाचवीतल्या पोरांना कळतं. आणि १.४, २, २.८, ४, ५.६, ८ ही विचित्र दिसणारी माळ म्हणजे साधी भूमितीय श्रेढी, दर वेळी दोनच्या वर्गमुळाने गुणायचं, की क्षेत्रफळ निम्मं आणि प्रकाशही निम्मा. एवढं सोपं प्रकरण परिशिष्टात ढकलून पुढे चाळीस पानं डोळ्याच्या बाहुलीची चित्रं काढणाऱ्या लेखकाला मी तरी पास केलं नसतं.

त्याच पुस्तकात एक आवडता परिच्छेद आहे. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, एकूण ठिपके दहा हजार, आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद. आमच्या कॅमेऱ्यात ठिपके दोन कोटी चाळीस लाख आणि मेनूतले पर्यायही साधारण तेवढेच. मला तो सॅसनचा डबा वापरायला मिळता तर बरं झालं असतं.

व्यक्तिचित्रासाठी पुस्तकं सांगतात: उत्तरेकडची खिडकी शोधा, तिथे थेट ऊन कधीच येत नाही, मऊ प्रकाश मिळतो. आमच्याकडे उत्तरेला खिडकी आहे. मे महिना होता. सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या तोंडावर उन्हाचा लख्ख पट्टा आला. त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "अगं, हे पुस्तक कुठल्या गावचं?" प्रश्न शंभर टक्के रास्त होता. लंडनला दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला. आपल्याकडे पुण्यात मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी उत्तरेला असतो. सकाळी उगवतो तोही ईशान्येला सरकून. पुस्तकवाल्याची उत्तर वेगळी, आपली वेगळी.

मग पडदा ओढला, पन्नासची लेन्स लावली, एफ/१.८ ठेवलं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे जवळच्या डोळ्यावर फोकस. 'मॉडेलशी गप्पा मारून तिला मोकळं करा' असंही लिहिलं होतं, पण मॉडेल आधीच मोकळी होती आणि मी भाजीत मीठ कमी घातल्याबद्दल बोलत होती. फोटो मात्र सुरेख आला. डोळे लख्ख, प्रत्येक सुरकुती नीट आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. पुस्तकं ज्यासाठी जीव टाकतात ते हेच. मी अभिमानाने लॅपटॉपवर दाखवला.

सासूबाईंनी बराच वेळ पाहिला. "माझ्या कुड्या कुठे गेल्या?"

कुड्या होत्या, पण कानावर. कान डोळ्यांच्या मागे चार बोटं, म्हणजे फोकसच्या बाहेर. तिथे दोन पांढुरके गोळे दिसत होते. मी क्षेत्रखोली समजावून सांगितली, म्हणजे छिद्र मोठं असलं की फोकसमध्ये येणारा पट्टा कसा अरुंद होतो आणि लहान केलं की रुंद. त्या म्हणाल्या, "मोत्याच्या आहेत त्या. माझ्या आईच्या. आणि फ्रिज कुठाय?" मागे नवीन फ्रिज होता. नाशिकच्या नणंदेला तोही दिसायला हवा होता.

मला त्या दिवशी जे कळलं ते कुठल्याच पुस्तकात नाही. पुस्तकवाल्यांना मागचं पुसून टाकायचं असतं आणि आपल्या माणसांना मागचंच हवं असतं. देवळापुढे उभं राहिलं की कळस आला पाहिजे, बारशाला पाळणा आणि पाळण्यामागची मावशी आली पाहिजे, नव्या गाडीच्या फोटोत नंबरप्लेटवरचा हार वाचता आला पाहिजे. एफ/८ लावलं आणि घरात शांतता नांदू लागली. फ्रिजवरचं चुंबकही दिसतं.

गणपतीत दुसरं प्रकरण झालं. उकडीचे मोदक, आंबेमोहोराची पिठी, पाकळ्या एकसारख्या, वर केशराची काडी. फोटोत ते राखाडी आले. सासूबाई म्हणाल्या, "नाचणीचे केले होते का मी?" आता याचं उत्तर 'बर्फाच्छादित निसर्ग' नावाच्या प्रकरणात होतं, जे मी कोथरूडकर म्हणून सोडून दिलं होतं. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक समोर येईल ते सगळं सरासरी करडं आहे असं धरून चालतं, अठरा टक्के प्रकाश परतवणारं. पांढरं शुभ्र दिसलं की तो घाबरून प्रकाश कमी करतो. काळं दिसलं की वाढवतो, म्हणून चंद्रकळाही राखाडी येते. उपाय सोपा, कॅमेऱ्याला प्रकाश वाढवा-कमी करा असं आपणच सांगायचं: पांढऱ्याला प्लस एक, काळ्याला मायनस एक. हे 'मोदक व चंद्रकळा' अशा शीर्षकाखाली दिलं असतं तर महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांची सोय झाली असती.

पुस्तकांचा 'सोनेरी तास' हाही असाच तिकडचा. मावळतीच्या आधीचा तासभर प्रकाश सोन्यासारखा, निवांत तिकाटणं लावा, थर्मासमधली कॉफी प्या, वगैरे. मी तिकाटणं घेऊन वेताळ टेकडीवर गेले. पाय उघडून पातळी बघत होते तोच चालायला आलेले एक काका थांबले. "मोजणी चाललीय का?" मी नाही म्हटलं. "मग हे काय? रस्ता इथूनच नेताय ना?" बालभारती-पौड फाटा रस्त्यावरून टेकडीवाले आधीच तापलेले, तीन पायांचं काहीही दिसलं की त्यांना भूमापक दिसतो. काकांनी आणखी दोघांना हाक मारली. मी कॅमेरा दाखवला, निवृत्त शिक्षिका असल्याचं सांगितलं, शेवटी एकाच्या मुलीला मी नववीत लसावि शिकवल्याचं निघालं, तेव्हा कुठे सुटका झाली. वळून पाहते तो सूर्य गेलेला. इथेही हिशोब पुस्तकवाल्याच्या बाजूचा. त्याच्याकडे सूर्य तिरपा, रेंगाळत उतरतो. क्षितिजावर सहा अंश असल्यापासून बुडेपर्यंत लंडनला जूनमध्ये पाऊण तासाच्या वर जातो. पुण्यात तो जवळपास सरळ खाली येतो आणि पंचवीस-तीस मिनिटांत आटोपतं. त्यातली वीस काकांची.

विसर्जन मिरवणुकीबद्दल फार लिहीत नाही. ढोलावरचं टिपरू थिजवायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, तो मला माहीत होता. मागून येणारा धक्का किती सेकंदांनी येतो हे माहीत नव्हतं.

एवढं होईतो सासूबाई प्रत्येक धड्याला समोरच बसलेल्या. ते किती मुरलं होतं हे पुतण्याच्या मुंजीत कळलं. फोटोग्राफर भाड्याचा, तरुण, हातभर लांबीची लेन्स. बटू मातृभोजनाला बसला, फोटोग्राफर गुडघ्यावर आला, आणि सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. "एफ आठ ठेव हो. मागे बसलेल्या सगळ्या दिसल्या पाहिजेत. आणि प्लस एक कर, नाहीतर त्याचं उपरणं करडं येईल."

त्याने कॅमेरा खाली घेतला. "आजी, तुमचा स्टुडिओ कुठाय?"

"कोथरूडला," सासूबाई म्हणाल्या. "हाताखाली एक बाई आहे."