पावसाळा सोडून कधीही या

सर्वप्रथम अभिनंदन. कोकणात, सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, 45 हेक्टर सलग जमीन मिळायला नशीब लागतं. झाड नाही, घर नाही, कोर्टात जाणारा भाऊबंद नाही. सातबाऱ्यावर स्वच्छ अक्षरात 'पोटखराब' लिहिलेलं. म्हणजे इथं निसर्ग नाही, हे तुमच्या आधी महसूल खात्यानंच ठरवून टाकलंय. आता तुम्ही तिथं खाण काढा नाहीतर कारखाना उभारा, आम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही. आमच्याकडे अहवाल तोच असतो. फक्त मधे पर्यावरण मंजुरी नावाची एक पायरी आहे, आणि त्या पायरीवर ठेवायला एक सल्लागार लागतो. या धंद्यात मीही बरीच वर्षं दोरी आणि वही घेऊन उन्हातान्हात हिंडलोय. तेव्हा चार गोष्टी सांगतो, ऐकून ठेवा. फुकटात सांगतोय, नाहीतर आमच्यात फुकट कोणी तोंड उघडत नाही.

सल्लागार मान्यताप्राप्त हवा, ही अट पाळावीच लागते. पण घाबरू नका. मान्यता सरकारनं ठरवलेल्या संस्थेची असली तरी त्याची फी तुम्हीच देणार आहात. तुमच्या प्रकल्पानं वन्यजीवांचं काय वाटोळं होईल, हे ज्यानं निःपक्षपातीपणे सांगायचं, त्याचा चेक तुमच्या टेबलावर सही व्हायचा आहे. ही व्यवस्था कोणी शोधून काढली माहीत नाही, पण त्याला मानलं पाहिजे. करार करताना शेवटचा हप्ता मंजुरी हातात पडल्यावर, एवढं कलम घाला. शास्त्रज्ञाची वस्तुनिष्ठता कशी सुधारते बघा.

आता मुख्य मुद्दा, ऋतूचा. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना पहिल्यांदा 1994 साली आली, 2006 मध्ये नव्यानं आली, आणि त्यानंतर तिला इतकी ठिगळं लागली की मूळ कापड कुठलं ते वकिलांनाच ठाऊक. तुम्ही त्यात पडू नका. तुमच्या कामाचं एकच वाक्य आहे: बहुतेक प्रकल्पांना एका ऋतूची पायाभूत माहिती, म्हणजे प्रकल्पाआधी जागेवर काय होतं त्याची नोंद, चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कुठलाही. हवेच्या मोजणीसाठी हे बरोबरही आहे. पावसात धूळ बसते, आकडे उगाचच चांगले येतात. पण धुळीसाठी सोयीचा नियम सड्याला लावला की त्याला असा काही गुण येतो की बस.

कारण सडा आठ महिने मेल्याचं सोंग घेतो. नुसता काळा जांभा, वर वाळलेलं गवत, तेही वणव्यात गेलेलं. पहिल्या सरी पडल्या की हाच कातळ उठून बसतो. खळग्यांत पाणी साचतं, चार बोटं मातीतून दिपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही दिपकाडी कोकणाबाहेर जगात कुठेही नाही, आणि फुलण्याचा तिचा कार्यक्रम काही दिवसांत आटोपतो. मग गेंदाची फुलं, मग सीतेची आसवं. ही जांभळी नाजूक फुलं कवितेत घालण्यासारखी दिसतात, पण वनस्पती किडे खाते, कारण या मातीत नत्र म्हणून काही नसतंच. दगडाखाली देवगांडूळ असतो. त्याला पाय नाहीत, तरी तो बेडकाच्या गोतातला. तिकडे आंबोलीच्या कातळावर एक पिटुकला टोड आहे. शास्त्राला तो 2009 साली कळला आणि लगेच अतिसंकटग्रस्त यादीत जाऊन बसला. पहिल्या पावसातले थोडे दिवस तो डबक्यांवर जमतो, अंडी घालतो आणि गायब होतो. उरलेलं वर्षभर तुम्ही त्याला हाका मारत बसा.

आता या सगळ्या मंडळींना गाठायला आम्ही कधी जातो? एप्रिलमध्ये.

एक प्रसंग सांगतो. सकाळचे अकरा. भाड्याची जीप, आम्ही तिघे, दोन पाण्याच्या बाटल्या. कातळ इतका तापलेला की माझ्या उजव्या बुटाचा सोल सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. पद्धतीप्रमाणे एक मीटर बाय एक मीटरचा दोरीचा चौकोन जमिनीवर टाकायचा आणि आत काय काय आहे ते मोजायचं. टाकला. आत दगड. दुसरीकडे टाकला. दगड, आणि शेणाची वाळकी गोवरी. तिसऱ्या चौकोनात एक मुंगळा होता, तो मोजेपर्यंत बाहेर गेला. असे वीस चौकोन टाकले आणि वहीत वीस वेळा शून्य लिहिलं. तेवढ्यात एक म्हातारा गुराखी आला, काठीवर हनुवटी टेकवून आमचा खेळ बघत उभा राहिला. साहेबांनी त्याला विचारलं, "काय हो आजोबा, इथं काय काय दिसतं?"

"आता हंय काय दिसतला?" तो म्हणाला. "मिरग लागलो की येवा."

साहेबांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. अहवालाच्या 112 व्या पानावर त्या म्हाताऱ्याचं बोलणं पुढीलप्रमाणे छापून आलं: 'स्थानिक ग्रामस्थांशी चर्चा केली असता सदर क्षेत्रात उल्लेखनीय जैवविविधता आढळत नसल्याचे निदर्शनास आले.' यात खोटं काय आहे, सांगा. तो 'आता' म्हणाला होता, आणि आम्ही आत्ताचंच लिहिलं.

तेव्हा सल्लागाराला नेमतानाच विचारा, मिरगात येणार का? हो म्हणाला, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

प्रकल्पाभोवती साधारण 10 किलोमीटरचं वर्तुळ काढून तेवढा सगळा परिसर अभ्यासायचा असतो. समुद्रकाठी जागा असेल तर दुधात साखर, निम्मं वर्तुळ पाण्यात जातं. उरलेल्या निम्म्यासाठी प्राणी-पक्ष्यांची यादी लागते, आणि ती कुठल्याही चांगल्या कचेरीत तयार असते. कावळा, साळुंकी, भारद्वाज, मुंगूस, धामण. मागच्या प्रकल्पाची फाइल उघडायची, तालुक्याचं नाव बदलायचं. पण बदलताना एकदा वाचत जा, एवढीच कळकळीची विनंती. 2007 च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस, पाइन आणि बर्चची वनं निघाली होती. मजकूर रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेला. कोकणी माणसानं बर्च आयुष्यात बघितलेला नाही, पण वाचता त्यालाही येतं. उचलायचंच असेल तर निदान शेजारच्या जिल्ह्यातून उचलावं, म्हणजे झाडं तरी ओळखीची निघतात.

यादीत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, एखादा प्राणी आला तर त्याच्यासाठी संवर्धन आराखडा द्यावा लागतो. म्हणून काहीजण यादीतून बिबट्या, मोर वगैरे गाळायला बघतात. हा नवशिकेपणा झाला. मोर जरूर ठेवा. मोरावर आराखडा फार सुंदर होतो: दहा फलक, शाळेत चित्रकला स्पर्धा, पाणवठा एक, अंदाजपत्रक लाखांत, फोटो रंगीत. मंजुरी देणाऱ्या समितीलाही बरं वाटतं, कारण मोर सगळ्यांनी पाहिलेला असतो. देवगांडूळाची चित्रकला स्पर्धा भरवून दाखवा बरं! शिवाय तो यादीत नाहीच. सापडल्याशिवाय यादीत येत नाही, आणि पावसाशिवाय सापडत नाही.

या शास्त्राची एक शिडी असते, ती मात्र पाठ करा, तोंडी विचारतात. आधी हानी टाळा. टाळता येत नसेल तर कमी करा. बिघडवलं ते पूर्ववत करा. आणि एवढं सगळं करून उरेल त्याचीच भरपाई करा. जगभर हाच क्रम शिकवतात. आपण शिडी उलटी लावायची आणि भरपाईपासून सुरुवात करायची. टाळणं म्हणजे जागा बदलणं, आणि जागा तर तुम्ही घेऊन बसलात. किंबहुना अहवालाची ऑर्डर तुम्ही द्याल तोवर कुंपणही झालेलं असेल. अहवालात 'पर्यायी जागांचे विश्लेषण' असं एक प्रकरण असतं. त्यात आणखी दोन जागा दाखवायच्या, एक खाडीत आणि एक डोंगराच्या सुळक्यावर. मग तुमचीच जागा सर्वात योग्य ठरते. योगायोगानं दरवेळी ठरते.

भरपाईत झाडं लावा. किती, तेवढंच सांगा. कुठली आणि कुठे, हे प्रश्न गौण आहेत. ग्रेट निकोबार बेटाचं सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल प्रकल्पाला द्यायचं ठरलं, तेव्हा बदल्यातली झाडं हरियाणात लावायचं ठरलं. अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. तिथल्या गॅलथियाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या लेदरबॅक कासवांना हरियाणाचा रस्ता कोणी दाखवायचा, हा पुढचा तपशील. तुम्हाला इतकं लांब जायची गरज नाही. सड्यालगत ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प लावून टाका. देशाच्या वन अहवालात एक हेक्टर किंवा मोठ्या तुकड्यावर झाडांचं 10 टक्के छत्र दिसलं की ते वनाच्छादन. झाड कुठलं आणि मालक कोण, हे विचारत नाहीत. म्हणजे फुललेला सडा शून्य, आणि ज्या बाभळीखाली गवतही धड उगवत नाही ती वन. पत्रकार आले तर सांगा, आम्ही ओसाड जमीन हिरवी केली. हिरवा रंग दाखवायला ड्रोन आणा.

आता एका वाईट उदाहरणापासून सावध करतो. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर बराच कोर्टकज्जा झाल्यावर जनावरांसाठी नऊ पूल आणि भुयारी वाटा बांधल्या. आकार अभियंत्याच्या सोयीनं नाही, जनावरांच्या वाटा बघून ठरवले. सर्वात मोठा 750 मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेनं मग तिथं कॅमेरे लावले, तर 2019 च्या पाहणीत 18 जातींचे वन्य सस्तन प्राणी खालून जाताना सापडले. त्यात 11 वाघ, आणि ते एकूण 89 वेळा गेले. रस्ताही झाला आणि वाघही गेले. असं काही वाचनात आलं तर वर्तमानपत्र घडी करून ठेवा. ही उदाहरणं पसरली की लोकांना वाटायला लागतं, सल्लागाराचं काम हेच असतं.

आहेत, तसे सल्लागारही आहेत. मी एकाबरोबर एक हंगाम काढलाय. हा माणूस स्वतःच्या खर्चानं आषाढात सड्यावर गुडघे टेकून बसायचा, प्रत्येक डबक्याशेजारी बांबूची काडी रोवायचा. शेवटी मालकाला नकाशा उलगडून म्हणाला, "साहेब, तुमचा रस्ता दोनशे मीटर पूर्वेला घ्या आणि हा खोलगट भाग सोडा. तुमचं चार हेक्टर जाईल, बाकी सगळं नीट होईल." चार हेक्टर! मालकानं नकाशा घडी करून परत दिला आणि घडीसुद्धा चुकीची घातली. पुढच्या कामाला दुसरा सल्लागार आला. तो एप्रिलमध्ये आला. पहिला सध्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, तीच शिडी, सरळ बाजूनं.

राहता राहिली जनसुनावणी. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. मराठी अशी वापरा की 'प्रस्तावित क्रियाकलापांमुळे सूक्ष्म-अधिवासीय विखंडनाची संभाव्यता नगण्य' हे वाचून माणसाला आपण काही पाप केलंय असं वाटावं. मांडव, खुर्च्या, थंड पाणी. बोलणारे बोलतील. एखादी म्हातारी उठून म्हणेल, सड्यावर पडलेलं पाणी कातळात मुरतं आणि खाली आमच्या वाडीच्या विहिरीत येतं, सडा खणलात तर आम्ही काय प्यायचं? प्रश्न भूजलशास्त्राचा आहे, आणि बरोबर आहे; जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी शोषून पायथ्याच्या झऱ्यांना देतो. तुमच्या सल्लागारानं त्या वेळी चष्मा पुसावा आणि म्हणावं, "सूचनेची नोंद घेतली आहे." ही नोंद खरोखर घेतली जाते. वहीत असते.

मंजुरी मिळाली की तिच्यासोबत अटींची लांबलचक यादी येते, आणि दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल, म्हणजे अटी पाळल्याचा हिशेब. अटी वाचायला बसू नका, उगाच मन खचतं. एकच तारीख लक्षात ठेवा: मृग. सपाटीकरण मेअखेर उरकलंच पाहिजे. जूनचा पहिला पाऊस पडला, डबकी भरली, दिपकाडी उमलली आणि कुणी कॉलेजची पोरं मोबाइल घेऊन तिथं पोचली, तर तुमच्या चारशे पानांच्या अहवालाला एक फोटो भारी पडतो. जेसीबी वेळेवर सांगून ठेवा, मेमध्ये मिळत नाहीत.

आणि तो गुराखी. तो येणारच, त्याची गुरं त्याच वाटेनं जातात. त्याला हाकलू नका. फाटकावर वॉचमन म्हणून ठेवा, शिट्टी द्या, गणवेश द्या. अनुपालन अहवालात 'स्थानिकांना रोजगार' असा रकाना असतो. तिथं लिहा, एक.