१०० डिग्रीला घाबरायचं काय?
इंजिन ऑइलच्या तापमानावरच्या या लेखात लिहिलंय की ऑइल १०० डिग्री सेल्सियसच्या वर गेलं की लगेच गाडी थांबवा, हे काय पटलं नाही बुवा. एअरकूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) इंजिनात ९० ते ११० म्हणजे नॉर्मलच, उलट ऑइल नीट तापलं तरच त्यात साचलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं, रोज दोन-दोन किलोमीटरच चालवणाऱ्यांचं ऑइल म्हणून तर कधीकधी पांढरट होतं. १३० च्या वर टिकून राहिलं तर मात्र काळजी करा, ऑइल पातळ होतं आणि लवकर खराब पण. मी ऑइल कॅपच्या जागी बसतो तो तापमान दाखवणारा काट्याचा गेज लावलाय, काटा ट्रॅफिकमध्ये चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर हळूहळू उतरतो, पण सेन्सर कुठे बसवलाय त्यावर आकडा बदलतो हे लेखात यायला हवं होतं. आणि आधी ऑइल लेव्हल बघा रे!