‘निःस्वार्थ डॉक्टर मासा’ टँकमध्ये आणण्याआधी हे वाचा

आत्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं, हात जोडलेले इमोजी, गुलाब, सगळं साग्रसंगीत. त्यात म्हटलंय की क्लीनर रॅस नावाचा बोटभर मासा इतर माशांचे आजार फुकटात बरे करतो, बदल्यात काही मागत नाही, म्हणून कुठलाच मासा त्याला खात नाही. राजा मेला की राणी तासाभरात राजा होते. मॉलमधल्या फिश स्पामध्ये पायाला लागतात ते हेच मासे. आणि हा एक टँकमध्ये सोडला की बाकीचे कधी आजारी पडत नाहीत. एरवी मी असल्या मेसेजला अंगठा देऊन पुढे जातो. पण आत्याच्याच मुलाकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्याच्या माशांवर पांढरे डाग आलेत आणि हे वाचून पठ्ठ्या दुकानातून एक क्लीनर रॅस घेऊन आला. दुकानदारानेही ‘हो हो, साफ करतो’ म्हणून दिला, त्याचं काय जातंय! म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा मासे मारणारा आहे.

ते पांढरे डाग म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन नावाचा एकपेशीय परजीवी. तो कातडीवर बसत नाही, कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो, त्यामुळे रॅस त्याला टिपून खाऊच शकत नाही. रॅस खातो ते मुख्यतः ग्नॅथिड, कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले बारीक किडे, त्यांची पिल्लं माशाला चिकटून रक्त पितात. क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीच्या अलेक्झांड्रा ग्रटर यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ खडकांच्या पट्ट्यातल्या लिझर्ड आयलंडला हे चक्क मोजलंय: एक रॅस दिवसाला साधारण १,२०० परजीवी खातो आणि त्यासाठी दोन हजारांहून जास्त वेळा मासे तपासतो. आता घरच्या टँकमध्ये चार-पाच माशांवर रोज १,२०० किडे कुठून उगवणार? मग एकतर तो दुकानातलं खाणं घेत नाही आणि हळूहळू पोट आत जाऊन मरतो, नाहीतर त्याच चार आजारी माशांच्या मागे लागून त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडत बसतो, आणि त्यांना पळायला जागा कुठे असते? टँकच केवढा! काही रॅस शिकतात तयार खाणं खायला, नाही असं नाही, पण तेव्हासुद्धा पांढरे डाग जिथल्या तिथेच.

आता ते ‘निःस्वार्थ’. इथे तर मला हसूच आलं. ग्रटर आणि संशोधक रेदुआन ब्शारी यांनी २००३ मध्ये प्रयोग करून बघितला की या माशाला मोकळी निवड दिली तर तो काय खातो. परजीवी नाही, पेशंटच्या अंगावरचा चिकट थर! म्हणजे डॉक्टरचा डोळा औषधावर नाही, पेशंटवरच. कोरलपाशी नीट बघितलं तर दिसतं, मोठा मासा तोंड उघडून, पंख पसरून शांत उभा असतो आणि मधेच एकदम झटका देतो, ते रॅसने चावा घेतल्याचं लक्षण. मग तो गिऱ्हाईक मासा एकतर त्याच्या मागे धावतो किंवा सरळ दुसऱ्या क्लीनरकडे जातो. आजूबाजूला दुसरी गिऱ्हाइकं बघत असली की हाच रॅस जरा सभ्य वागतो. आणि नर-मादी मिळून एकाच गिऱ्हाइकावर काम करत असताना मादीने चावा घेतला आणि गिऱ्हाईक गेलं, तर नर तिला पळवून पळवून धडा शिकवतो, ते गिऱ्हाइकाच्या काळजीने नाही, स्वतःचं जेवण गेलं म्हणून. मासा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट मला तर हे सगळं त्या संतवाणीपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

त्याला कुणी खात नाही, हे बऱ्याच अंशी खरंय, मान्य. शिकारी मासे त्याला तोंडात, कल्ल्यांत फिरू देतात आणि सहसा गिळत नाहीत. पण याचाच फायदा घेणारा एक तोतया आहे, फॉल्स क्लीनर ब्लेनी, तसाच निळा, तसाच काळा पट्टा, जवळ येऊन माशांच्या पंखांचे लचके तोडतो. ओळखायचं तोंडावरून: खऱ्या रॅसचं तोंड थुतराच्या टोकाला असतं, तोतयाचं खालच्या बाजूला. फॉरवर्डमधला फोटो झूम करून बघा, तोंड कुठे आहे ते. ज्याला हात जोडलेत तो बोगस डॉक्टर निघालाय!

राजा-राणीचं अर्धं बरोबर आहे. एक नर आणि त्याच्या हद्दीत काही माद्या, नर गेला की सगळ्यात मोठी मादी नर होते, रॉबर्टसन या संशोधकांनी १९७२ मध्येच हे दाखवलंय. ती काही तासांत नरासारखं वागायला लागते, पण शुक्राणू तयार व्हायला दोन-अडीच आठवडे लागतात. तासाभरात नाही.

फिश स्पाचे मासे म्हणजे गारा रूफा, तुर्कस्तानकडचे, गोड्या पाण्यातले. संबंध नाही, पुढे.

आणि फॉरवर्डमध्ये जे खरंच सांगण्यासारखं होतं ते नाहीच. लिझर्ड आयलंडला काही छोट्या रीफवरून रॅस साडेआठ वर्षं सतत काढून टाकले, तर तिथे राहणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि जाती २३ टक्क्यांनी कमी भरल्या. दुकानातले रॅस बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेले असतात, तेव्हा टँकसाठी एक उचलला की कुठल्यातरी रीफवरचा एक कमी होतो. आत्याच्या मुलाला मी सांगितलंय, आजारी मासे वेगळ्या टँकमध्ये काढ, तांब्याचं औषध टेस्ट किटने मोजून दे, आणि मोठ्या टँकमध्ये तोवर एकही मासा ठेवू नकोस, रॅससुद्धा. ‘पण ग्रुपवर तर…’ म्हणाला. ग्रुपवर आता हे टाकतोय.