तर्री टाकू का?

आर्वीच्या स्टँडवर पोहेवाला प्लेट हातात धरून विचारतो, "तर्री टाकू का?" माझ्या डोक्यात लगेच ग्रामसभा भरते. टाकली तर बसमध्ये पोटात आग, नाही टाकली तर विदर्भात जन्मून कोरडे पोहे खाल्ल्याचं पाप. शेवटी "थोडीशी" म्हणतो आणि प्लेट संपेपर्यंत झुरतो, की जरा जास्तच सांगायला हवी होती.

चिंतातुर जिवाला अनिश्चितता सोसत नाही म्हणे. म्हणून तो खात्री शोधत बसतो. निर्णय पुढे ढकलला की घडीभर बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी आणखी ढकलतो. हे बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंजे आळस नं?"

मृग लागायच्या तोंडावर त्यांनी मला कपाशीचं बियाणं आणायला धाडलं. कृषी केंद्रात फळीवर पाकिटंच पाकिटं, सगळ्यांवर तेच टपोरं बोंड. एक म्हणे भारी जमिनीसाठी, दुसरं म्हणे वेचायला सोपं, तिसरं म्हणे रसशोषक किडीला दाद देत नाही. मोबाईलवर पाहिलं, तर एका व्हिडिओत ज्या वाणाला डोक्यावर घेतलेलं, दुसऱ्यात त्यालाच शिव्या. 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग आहे. दुकानात 24 तऱ्हांचे जॅम मांडले, तेव्हा थांबून पाहणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी बाटली घेतली. 6 मांडले, तेव्हा 30 टक्क्यांनी. पण जॅम चुकला तर पोळी बिघडते, बियाणं चुकलं तर साल!

दुकानदार वैतागला. "कायले येवढं वाचून राहिला बावा? बियाणं घेऊन राहिला, सोयरीक नाही जमवून राहिला!"

तेवढ्यात बाबांचा फोन. "शेजारच्या वावरात मागच्या साली जे चांगलं झालं, थेच आन." संपलं! पुरेसं चांगलं दिसलं की घ्यावं, सर्वोत्तमाच्या मागे लागू नये, माणसं असाच निर्णय घेतात, असं हर्बर्ट सायमन सांगत. त्यांना 1978 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बाबांना अजून पीककर्ज मिळायचं आहे.

पाकिटं पिशवीत पडली, पैसे दिले, मी सुटलो. दुकानदाराने पावतीपुस्तक उघडलं.

"नाव कोनाचं टाकू? तुझं का बाबाचं?"

म्हटलं, "थांबा जरा, घरी इचारून सांगतो."